बोनाफाईड

अठ्ठावीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा टाईप केलेला शब्द म्हणजे बोनाफाईड. आधी गोदरेजच्या टाईपरायटरवर, मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर, शेवटी शेवटी संगणकातल्या तयार नमुन्यात. त्यात फक्त नाव आणि देश बदलायचा. हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘सद्भावनेने’ असा आहे, हे मला इंग्रजीच्या सरांनी एकदा चहा पिताना सांगितलं. तोवर नोकरीची पंधरा वर्षं उलटली होती. माझ्या लेखी बोनाफाईड म्हणजे एक अर्ज, दहा रुपयांची पावती आणि ‘उद्या चारनंतर या’.

पुण्यातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या कार्यालयात मी १९८८ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. १९९४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांचं टेबल माझ्याकडे आलं. आलं म्हणजे, दुसऱ्या कोणाला नको होतं म्हणून आलं. परीक्षेच्या टेबलाला वचक होता, आस्थापनेच्या टेबलाला मान होता. परदेशी टेबलावर नुसतं इंग्रजी बोलावं लागायचं. आमचे मुख्य लिपिक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी फायलींचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “तुमचं माहेर बेळगावचं, कॉन्व्हेंटात शिकलात. तुम्हीच बघा हे.”

गठ्ठा उलगडला तर आत केनिया, मॉरिशस, इथिओपिया, जॉर्डन. सगळ्यात खाली सत्तरच्या दशकातली इराणी मुलं. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी पुष्कळ होते, हे मी ऐकून होते. त्यांच्यातल्या काही फायली १९७९ पाशी एकदम थांबत होत्या. तिकडे क्रांती झाली आणि इकडे पुढचं पान लागलंच नाही. एका फायलीवर लाल शाईने लिहिलं होतं, ‘डिग्री नेली नाही’. मी भाऊसाहेबांना विचारलं, हिचं काय करायचं? ते म्हणाले, “करायचं काय? ठेवायची. डिग्री कधी टाकून देतात का?”

पहिली दोन वर्षं मी फक्त नावांशी झगडले. आपल्या अर्जाचे रकाने आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे. इथिओपियात आडनाव नसतंच. मुलाचं नाव, पुढे बापाचं, त्यापुढे आजोबांचं. अर्जातला आडनावाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, म्हणून आमच्याकडे आजोबा आडनाव व्हायचे, पासपोर्टवर मात्र बाप आडनाव झालेला असायचा. म्हणजे एकाच मुलाची कागदोपत्री दोन घराणी. मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, की हे दोघे एकच. कितीतरी अफगाण मुलांना एकच नाव. ना मागे काही, ना पुढे. येमेनी मुलाचं नाव चार मजली, आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत मावायचे जेमतेम तीन मजले.

तारखांचं प्रकरण त्याहून वाईट. नेपाळचे कागद विक्रम संवतात, अफगाण आणि इराणी कागद सौर हिजरीत, आणि इथिओपियाचं वर्ष तर तेरा महिन्यांचं, आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे चालणारं. एकदा एका नेपाळी मुलाच्या दाखल्यावरचा जन्म २०३३ तसाच्या तसा चढवला गेला. साल होतं १९९५. विद्यापीठाच्या यादीप्रमाणे तो मुलगा अजून जन्मायचाच होता आणि तरी प्रथम वर्षाला बसला होता. त्यानंतर मी टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी लावली : नेपाळ वजा ५७, अफगाण-इराण अधिक ६२१, इथिओपिया अधिक ७ किंवा ८, महिना बघून. शेजारी कालनिर्णय टांगलेलं. अफगाण मुलांत बऱ्याच जणांचा वाढदिवस एक जानेवारीला यायचा. आमच्या कार्यालयातली नवी मुलगी त्यावर हसली, तेव्हा मी तिला आमच्याच सेवापुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं. आमच्यातले निम्मे शिपाई आणि दोन प्राध्यापक एक जूनला जन्मलेले होते. ज्याची नोंद नसते त्याला कचेरी तारीख देते, मग ती काबूलची असो की करमाळ्याची.

या टेबलावर येणाऱ्या मुलांचे दोन वर्ग होते, आणि सरकारचं धोरण म्हणतात ते काय, हे त्या दोन वर्गांतल्या फरकातून कळायचं.

पहिला वर्ग शिष्यवृत्तीवाल्यांचा. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी आयसीसीआर, ही मौलाना आझादांनी १९५० मध्ये स्थापन केली. परराष्ट्र खात्याच्या वतीने ती मुलं निवडते, फी परस्पर संस्थेला देते, मुलाला दरमहा भत्ता आणि घरभाडं देते. पदवीच्या मुलाचा भत्ता अलीकडे महिना १८,००० रुपये आहे. अफगाणिस्तानासाठी पुढे वर्षाला १,००० जागा झाल्या होत्या. आफ्रिकेसाठी २०१५ च्या दिल्लीतल्या शिखर परिषदेत पाच वर्षांत ५०,००० शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. आकडा मोठा असला की आमच्याकडे फायली वाढायच्या, एवढं आम्हाला कळायचं. पण या मुलांच्या मागे कोणीतरी उभं होतं. भत्ता थकला तर ती विचारायला जाऊ शकत होती. पुण्यात परिषदेचं विभागीय कार्यालय आहे, तिथे त्यांना नावानिशी ओळखत.

या वर्गातली एक मॉरिशसची मुलगी माझ्या कायमची लक्षात राहिली. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-सावंतवाडीकडून ऊसमळ्यांवर कामाला गेलेल्यांचे वंशज तिथे आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. ती बोलायची ती मराठी तिच्या पणजीची, मध्ये मध्ये क्रेओल पेरलेली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की महाराष्ट्रात वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणायचं. त्यामुळे तिने भर कार्यालयात मला “मावशी, माझं बोनाफाईड?” अशी हाक मारली. आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशींनी मागून “ओ” दिली. आठवडाभर सगळे मला मावशी म्हणत होते. मी तिला काही सुधारून सांगितलं नाही.

दुसरा वर्ग स्वखर्चाने आलेल्यांचा. माझ्याकडे एका वेळी साठ-सत्तर मुलं असायची, त्यांत यांचीच संख्या जास्त. यांना आपल्या मुलांच्या कित्येक पट फी. बाप दुकान चालवतो, काका आखाती देशात नोकरी करतो, किंवा तिकडच्याच सरकारने पाठवलंय, असे. यांच्यासाठी धोरण म्हणजे काय? तर विद्यापीठात मंजूर जागांच्या वरच्या जास्तीच्या जागा. पूर्वी पंधरा टक्के होत्या, २०२२ मध्ये पंचवीस झाल्या. म्हणजे आत येण्याचं दार रुंद झालं. आत आल्यावर मात्र मूल आजारी पडलं, पैसे थांबले, घरमालकाने हाकललं, तर ते कोणाच्या टेबलावर जाणार, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं मला आढळलं नाही. ती माझ्या टेबलावर यायची. आणि माझ्या हातात होतं काय, तर बोनाफाईड.

हे समजायला हवं असेल तर नोंदणीचा मामला सांगायला हवा. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्याला उतरल्यापासून चौदा दिवसांत पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावं लागतं. तिथे त्याला राहण्याचा परवाना मिळतो. मुलं त्याला आरपी म्हणतात. तो मुदतीचा असतो आणि मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावा लागतो. नेपाळ-भूतानची मुलं यातून सुटलेली. बाकी सगळ्यांना भाडेकरार, घरमालकाने भरलेला सी-फॉर्म, पैसे कुठून येतात त्याचा पुरावा, आणि आमचं बोनाफाईड. माझ्या निवृत्तीपर्यंत कायदे तेच : १९३९ चा नोंदणीचा आणि १९४६ चा परदेशी नागरिकांचा. एक दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर केलेला, दुसरा इंग्रज जायच्या आदल्या वर्षी. शत्रूच्या हेरावर नजर ठेवायला केलेल्या नियमांतून आम्ही बीकॉमची मुलं गाळून घेत होतो. २०२५ मध्ये ते जुने कायदे गेले आणि सगळ्यांचा मिळून एक नवा कायदा आला.

एक खातं बोलावतं, दुसरं मोजतं, तिसरं त्याच्या बारावीची आपल्या बारावीशी बरोबरी लावतं. तिन्ही खाती एकाच मुलाशी बोलत असतात, पण आपसात बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. निरोप्याचं काम त्या मुलाकडे, आणि मुलाला मराठी येत नाही म्हणून माझ्याकडे.

२०१८ मध्ये ही सगळी नोंदणी ऑनलाइन झाली. ते चांगलंच झालं. पूर्वी सकाळी सहापासून रांगेत उभी राहणारी मुलं दहाच्या तासाला गैरहजर का, हे प्राध्यापकांना समजावण्यात माझा जून-जुलै जायचा. तो त्रास गेला. बोनाफाईड मात्र तसंच राहिलं. आधी ते हातात द्यायचं, आता स्कॅन करून चढवायचं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

मार्च २०१५ च्या शेवटच्या आठवड्यात येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले. आपल्या सरकारने तिथून साडेचार हजारांवर भारतीयांना आणि इतर देशांच्या शेकडो लोकांना जहाजांनी, विमानांनी बाहेर काढलं. ऑपरेशन राहत. वर्तमानपत्रं भरभरून लिहीत होती आणि आम्ही डबा खाताना ते अभिमानाने वाचत होतो. त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला एक येमेनी माणूस येऊन उभा राहत होता. मुलगा म्हणत नाही, कारण तो छत्तीस वर्षांचा होता, तिकडच्या विद्यापीठात शिकवत होता आणि तिकडच्याच शिष्यवृत्तीवर आमच्याकडे पीएच.डी. करत होता. बायको आणि दोन मुली बरोबर. त्याचे पैसे तीन महिन्यांनी एकदा यायचे. एप्रिलचा हप्ता आला नाही. जुलैचा आला नाही. फी थकली.

आमच्या महाविद्यालयात नियम होता : फी बाकी असेल तर कुठलाही दाखला द्यायचा नाही. नियम चुकीचा म्हणता येणार नाही. त्यावरच आमची वसुली चालायची. तो ऑक्टोबरात बोनाफाईड मागायला आला, मी खात्याचा उतारा काढला, बाकी दाखवली आणि त्याचा अर्ज ‘प्रलंबित’ च्या ट्रेमध्ये ठेवला. तो काही बोलला नाही. खूप शिकलेल्या माणसाला भांडता येत नाही, तसं काहीसं. दर दोन-तीन दिवसांनी यायचा, “मॅडम, एनी चेंज?” विचारायचा आणि जायचा. मी मान हलवायची. माझ्या टेबलावर त्या महिन्यात पात्रतेच्या चाळीस फायली होत्या.

डिसेंबरात तो बायकोला घेऊन आला, तेव्हा मला सगळी साखळी कळली. बोनाफाईड नाही म्हणून परवाना वाढला नाही. परवाना संपला म्हणून बँकेने खातं थांबवलं, कारण केवायसीला चालू परवाना लागतो. खातं थांबलं म्हणून सौदीतला त्याचा भाऊ जे पैसे पाठवायला तयार होता ते येईनात. आणि ते पैसे कशासाठी होते? आमची फी भरण्यासाठी. म्हणजे आमची फी मिळण्याच्या वाटेवर मीच बसले होते, ट्रेमध्ये अर्ज ठेवून.

त्या रात्री मी घरी टिपणी लिहिली. टिपणी कशी लिहायची हे भाऊसाहेबांनी शिकवलेलं : वाक्य छोटं, विशेषण नाही, शेवटी ‘आदेशार्थ सादर’. मी लिहिलं की सदर विद्यार्थ्याची फी बाकी आहे. सदर विद्यार्थी महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी आहे. या दोन स्वतंत्र बाबी आहेत. बोनाफाईड दुसऱ्या बाबीचा दाखला आहे, पहिल्या बाबीचा नाही. प्राचार्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “हे आधी का नाही आणलंत?” आणि सही केली. एवढंच होतं. अडीच महिने मी ज्याला नियम समजत होते, त्याला एका सहीने वाट होती, आणि ती सही मागायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

बोनाफाईड मिळालं, पण परवाना संपून एकोणीस दिवस झाले होते. दंड भरावा लागला. तो त्याने मित्रांकडून गोळा केला. दंडाबरोबर उशीर का झाला याचा लेखी खुलासा द्यायचा असतो. तो खुलासा मीच टाईप करून दिला, कारण अशा पत्रांची भाषा मला पाठ होती. त्यात लिहिलं की माझ्या वैयक्तिक अडचणींमुळे मला वेळेत अर्ज करता आला नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. उशीर त्याच्या नावावर गेला. महाविद्यालयाचा किंवा माझा उल्लेख त्यात नव्हता. त्याने वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. त्याची बायको तेवढ्यात मला म्हणाली, “शुक्रन.”

पुढे पैसे आले, फीही भरली गेली. त्याला पीएच.डी. मिळाली. तो खुलासा मात्र त्याच्या फायलीत आहे.

घरांविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यात लिहिण्यासारखं कमी आणि लाज वाटण्यासारखं जास्त आहे. अरब मुलांना कोंढव्याकडे घर मिळायचं. आफ्रिकी मुलांना कुठेच सहज मिळायचं नाही. एजंट फोनवर “फॉरेनर चालेल” म्हणायचा आणि मूल दारात उभं राहिलं की घर कालच गेलेलं असायचं. टांझानियाच्या एका मुलीसाठी मी स्वतः आमच्या सोसायटीत विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, “वहिनी, गोरं कोणी असेल तर बघू.” त्यांना आपण काही वावगं बोललो असं वाटलंही नाही. मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगोच्या एका तरुणाचा खून झाला, आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी उघड नाराजी दाखवली, तेव्हा मंत्रिपातळीवर बैठका झाल्या. आमच्या सोसायटीत काही झालं नाही. शिष्यवृत्ती दिल्लीला बसून देता येते, खोली मात्र कर्वेनगरातल्या कोणीतरीच द्यावी लागते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये ‘स्टडी इन इंडिया’ आलं. भारतात शिकायला येणाऱ्यांची संख्या २०२३ पर्यंत दोन लाखांवर न्यायची, असं ठरलं होतं. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात २०२१-२२ ला ती ४७,००० च्या आत होती, त्यांतला चौथा हिस्सा तर नेपाळचाच. मधे कोविड आला हे खरं, पण त्याच्या आधीही आकडा पन्नास हजारांच्या अलीकडेच घुटमळत होता. उलट २०२२ या एका वर्षात शिकायला म्हणून देशाबाहेर गेलेल्या आपल्या मुलांची संख्या साडेसात लाख. या योजनेच्या बैठकीत आम्हाला माहितीपत्रकं दिली होती. चकचकीत कागद, हिरवळीवर हसणारी मुलं. मी विचारलं की शिक्षण संपल्यावर यांना इथे काही काळ नोकरी शोधता येईल का. तो विषय आमच्या अखत्यारीत नाही, असं उत्तर मिळालं. ते खरंच होतं. विद्यार्थी व्हिसावर नोकरी नाही आणि पदवी हातात आली की मुदत संपत आली. हुशार मुलाने मग आपल्याकडे का यावं? स्वस्त आहे म्हणून आणि इंग्रजीत शिकवतात म्हणून. ही दोन कारणं वाईट नाहीत, पण ती टिकवायला आपण काही केलेलं नाही.

हे मला खरं कळलं ते निवृत्त झाल्यावर, माझा भाचा जर्मनीला गेला तेव्हा. २०२३ ची गोष्ट. तिथल्या सरकारी विद्यापीठात त्याला फी जवळजवळ नाही, पण आधी ११,२०८ युरो एका बंद खात्यात ठेवावे लागले, महिन्याला ९३४ सुटणारे. बहिणीने त्यासाठी फिक्स डिपॉझिट मोडलं. रोज रात्री व्हिडीओ कॉलवर तो मला कागद दाखवायचा, कारण घरात परदेशी कागदांची माहितगार मीच. गेल्या गेल्या दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, हे ऐकून मी म्हटलं, हे तर आपलंच. तो म्हणाला, “मावशी, इथे जर्मन लोकांनापण घर बदललं की करावं लागतं.” इथे मी गप्प झाले. मग त्याच्या व्हिसाची मुदत संपत आली आणि परवान्यासाठी तारीख मिळेना. मी घाबरले, बहिणीला सांगितलंही नाही. तो मात्र निवांत. मुदतीच्या आत अर्ज केला असेल तर निर्णय होईपर्यंत राहणं कायदेशीर धरतात, आणि तसा एक कागदही देतात, एवढं लांब नाव की मला अजून उच्चारता येत नाही. त्याने तो कागद कॅमेऱ्यापुढे धरला. मला येमेनी माणूस आठवला. त्याला हवा होता तो हाच कागद. उशीर कचेरीचा असेल तर त्याची शिक्षा माणसाला नको, इतकंच त्यात लिहिलेलं.

जर्मनी म्हणजे स्वर्ग नव्हे. घर मिळेपर्यंत भाचा दोन महिने एका मित्राच्या सोफ्यावर होता आणि आडनावावरून त्यालाही नकार आले. पण शिकताना त्याला वर्षाला १२० दिवस काम करता येत होतं आणि पदवीनंतर नोकरी शोधायला दीड वर्ष होतं.

आपल्याला असं काही जमत नाही, असं नाही. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा अडकलेल्या सगळ्या परदेशी नागरिकांचे व्हिसा सरकारने आपणहून, शुल्क न घेता वाढवले, आणि ही वाढ पुन्हा पुन्हा करत २०२१ च्या ३० सप्टेंबरपर्यंत नेली. ज्या शिक्क्यासाठी एरवी मुलं माझ्या टेबलापुढे रडायची, तो एका आदेशाने सगळ्यांना मिळाला. त्या दीड वर्षात मी परवान्यासाठी एकही बोनाफाईड दिलं नाही, आणि त्यामुळे काही बिघडल्याचं दिसलं नाही.

त्या काळात काही अफगाण मुलं घरी गेली होती. तास ऑनलाइन होते, इथे भाडं कशाला भरायचं. २०२१ च्या १५ ऑगस्टला आम्ही महाविद्यालयात झेंडावंदन करून पेढे घेतले. घरी येऊन टीव्ही लावला तर काबूल पडलेलं. दहा दिवसांनी, २५ ऑगस्टला, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द झाले. यापुढे फक्त नवा तातडीचा ई-व्हिसा. सुरक्षेचं कारण होतं आणि ते मी नाकारत नाही. पण पासपोर्टमध्ये भारताचा विद्यार्थी व्हिसा असलेली माझी नऊ मुलं, त्यांत चार मुली, त्या दिवशी पुन्हा रांगेच्या टोकाला गेली.

त्यांचे मेसेज रात्री यायचे. सगळ्यांना बोनाफाईड हवं होतं. या वेळी मी फी पाहिली नाही, अर्ज मागितला नाही. प्राचार्यांकडून नऊच्या नऊ एकदम सही करून घेतली आणि मेलने पाठवली. एका मुलीने लिहिलं, मॅडम, त्यावर माझा फोटो नको आणि मेलच्या विषयात कॉलेजचं नाव नको. मी विषय लिहिला, ‘हिशेब’. आठवड्याने तिने कळवलं की कागद मिळाला, वाचला आणि फोनमधून पुसून टाकला. लागला तर परत पाठवाल ना? मी म्हटलं, कधीही.

नऊपैकी दोघे पुण्याला पोचले, दोन्ही मुलगे. पुढे सरकारने अफगाण विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या १,००० शिष्यवृत्त्या काढल्या. २०२२ च्या डिसेंबरात तिथे मुलींना विद्यापीठं बंद झाली. घरात बसून फोनवर शिकणाऱ्यांत आमच्या चौघींपैकी कोणी आहे का, ते मला कळलेलं नाही. कागद पुसून टाकणाऱ्या त्या मुलीचा निरोप परत आला नाही.

मी मे २०२२ मध्ये निवृत्त झाले. चार्ज देताना यादी करावी लागते : रजिस्टरं, शिक्के, प्रिंटर, खुर्च्या. अनुक्रमांक चौदावर मी लिहिलं, ‘न नेलेली मूळ कागदपत्रे, पाकिटे ११’. त्यांत सात अफगाण मुलांची आहेत. दोन सुदानची, एक सीरियाचं, आणि एक १९७९ चं, भाऊसाहेबांच्या हातच्या लाल शाईचं. माझ्या जागी आलेल्या मुलाने विचारलं, ही ठेवायलाच हवीत का? त्याला मी भाऊसाहेबांचंच उत्तर दिलं.

आज त्या टेबलावर जो कोणी असेल, त्याने हे वाचलं तर एवढं करावं. अधिकारपत्र घेऊन कोणी आलं तर ओळख पटवून पाकीट द्यावं, थकबाकीचा उतारा काढू नये. पाकिटं कपाट क्रमांक तीनमध्ये वरच्या कप्प्यात आहेत. कपाटाचं दार खालून उचलून ओढावं लागतं.